गंधर्वांचा जमाखर्च



चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही माथाडी कायद्यावर किंवा किमान वेतनावर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळविला 'बालगंधर्व', तेव्हा त्यांना थोडे नवल वाटले. ते साहजिकच आहे. आम्ही गाण्यातले जाणकार नाही. आमचे शिक्षण बाजाराच्या आवारात, मालधक्क्यावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. अमुक सूर कोमल लागला की तीव्र, हे आम्हांस सांगता यावयाचे नाही. पण तो सूर लावणाऱ्याला काय मिळाले, मिळाले ते कोठे गेले, आणि तो सूर पुढे ज्यांनी विकला त्यांच्या पदरात काय पडले, हे विचारणे हा आमचा नित्याचा उद्योग आहे. हमालांच्या आणि जिनातील कामगारांच्या पट्ट्या तपासण्यात आमची हयात गेली. आज एका गायक नटाची पट्टी तपासावयाची आहे, इतकेच.

आणि हा विषय खामगावास परका आहे असेही नाही. १८७० मध्ये जलंबहून या गावापर्यंत लोहमार्गाचा फाटा आला तो कापसासाठी. पुढे कापसाचा पैसा हाती खेळू लागला की नाटक कंपन्यांचे दौरे वऱ्हाडाकडे वळत. शेतकऱ्याच्या बोंडाला भाव आला की अडत्याच्या गल्ल्यात भर पडे, आणि त्यातला थोडा भाग तिकिटाच्या खिडकीवर जाई. संगीत नाटकाचे वैभव म्हणून जे आपण सांगतो, त्याच्या मुळाशी असा कोणाचा तरी कापूस, कोणाचा तरी ऊस, कोणाची तरी हमाली होती. असो.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्यांनी त्यांना 'बालगंधर्व' म्हटले, ही हकीकत आपणा सर्वांस ठाऊक आहे. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि मिरजेस शकुंतलेच्या वेषात प्रथम रंगभूमीवर उभे राहिले. म्हणजे सतराव्या वर्षी नोकरीस लागले. 'नोकरी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. गंधर्व म्हटले की लोक आकाशाकडे पाहू लागतात. पण किर्लोस्कर मंडळीत ते पगारी नट होते आणि त्यांच्या गळ्यावर मंडळीचे उत्पन्न अवलंबून होते. ज्याच्या कामावर उत्पन्न अवलंबून असते त्याला आमच्या भाषेत कामगार म्हणतात.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. बालगंधर्वांनी भामिनीची भूमिका केली आणि नाटक गाजले. ही कथा गेली शंभर वर्षे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. केवढी निष्ठा, केवढा संयम! निष्ठा होतीच, ती नाकारण्याइतके आम्ही करंटे नाही. परंतु आम्ही ही कथा ऐकतो तेव्हा आमच्या मनात दुसराच प्रश्न उभा राहतो. बावीस वर्षांच्या बापाला त्या रात्री घरी बसता आले असते काय? थिएटरचे भाडे भरलेले, तिकिटे विकलेली, दुसरी भामिनी तयार नाही. रजेचा अर्ज त्याने कोणाकडे करावयाचा होता? जिनात काम करणारी बाई मूल दगावल्याच्या तिसऱ्या दिवशी कामावर येते, तेव्हा तिच्या निष्ठेचे पोवाडे कोणी गात नाही. तिला हजेरी बुडवणे परवडत नाही, हे सर्वांना समजते. गंधर्वांच्या बाबतीत मात्र आपल्याला ते समजत नाही. टाळ्यांच्या आवाजात समजण्यासारखे नसतेही.

दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस असे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. कामगारांनी स्वतःचा कारखाना काढावा, तसाच हा प्रकार होता. एकाजवळ गळा, दुसऱ्याजवळ चाली बांधण्याची बुद्धी, तिसऱ्याजवळ अभिनय. भांडवल म्हणावे ते हेच. ही भागीदारी टिकली असती तर पुढची कहाणी निराळी झाली असती, असे आम्हांस नेहमी वाटते. पण टेंबे गेले, पुढे बोडसही गेले, आणि बालगंधर्व एकटे मालक उरले. ते मालक झाले, पण त्यांची वृत्ती गायकाचीच राहिली. खतावणी उघडून बसणे त्यांना कधी आवडले नाही.

जमेची बाजू पाहू लागलो तर डोळे दिपतात. १९१६ चे 'स्वयंवर', त्यातल्या भास्करबुवा बखल्यांच्या चाली. १९१९ मध्ये बडोद्यास गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत रंगभूमीवर आलेला 'एकच प्याला'. श्रीमंत सयाजीराव गायकवाडांचा आश्रय. वन्समोरमुळे रात्र रात्र लांबणारे प्रयोग. बालगंधर्वांनी शालू ज्या तऱ्हेने नेसावा त्या तऱ्हेने घरंदाज बायका नेसू लागल्या, पुरुषांच्या डोक्यावर 'गंधर्व टोपी' आली. वादक तरी कसले? तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. एवढ्या तोलामोलाची माणसे नोकरीस ठेवणारी नाटक मंडळी हिंदुस्थानात दुसरी क्वचितच असेल.

आणि या सर्वांच्या मागे जी माणसे होती त्यांची नावे कोणत्या पडद्यावर लिहिलेली नाहीत. पडदे ओढणारे, रंगपट सांभाळणारे, शिंपी, न्हावी, सामान चढविणारे-उतरविणारे, आचारी, वाढपी. नाटक मंडळी म्हणजे फिरते गावच. रेल्वेने सामान जाई, स्टेशनावर उतरे, बैलगाडीवर चढे. त्या पेट्या कोणाच्या पाठीवरून गेल्या असतील, हे सांगावयास आम्हांस पुस्तकाची गरज नाही. कंपनीचे जेवण मोठे नामांकित होते. मालक आणि नोकर एका पंगतीत बसत, पाहुण्याला आग्रहाने वाढीत. हा मोठेपणा खराच होता. पण पंगत उत्तम आहे म्हणून हिशेब पाहू नये, असा अर्थ त्यातून निघत नाही. आमच्या अनुभवात तर जेथे मालक फार प्रेमळ तेथे पगाराची तारीख फार सैल असते.

आता खर्चाची बाजू. १९२० मध्ये 'द्रौपदी' आले. त्यातील मयसभेच्या देखाव्यासाठी मंडळीने पाण्यासारखा पैसा ओतला. रंगभूमीवर खोटे दागिने, खोटी जर, पाण्याची अत्तरे बालगंधर्वांस चालत नसत. प्रेक्षकाला जे दाखवावयाचे ते अस्सल असावे, हा त्यांचा हट्ट. हा हट्ट आम्हांस समजतो, किंबहुना आवडतो. चांगला कारागीर वाईट माल हाती धरीत नाही. तोच माणूस 'एकच प्याल्या'त सिंधू होऊन साध्या लुगड्यात जात्याशी बसे, आणि शालूतल्या रुक्मिणीपेक्षा ती सिंधू लोकांच्या काळजात अधिक रुतली. म्हणजे अस्सलपणा पैशाने येतो असे नाही, हे त्यांच्या कलेने त्यांनाच दाखविले होते. पण कारभार करणाऱ्यांना ते कोणी सांगितले नाही.

१९२१ हे साल नीट ध्यानात घ्या. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगभूमीवर उभे राहिले. वरच्या दर्जाचे तिकीट शंभर रुपये होते, आणि तेही मिळत नव्हते. एका रात्रीत हजारो रुपये जमले ते सर्व राष्ट्राच्या कामी गेले. आणि त्याच साली बालगंधर्वांच्या ध्यानात आले की, आपल्या स्वतःच्या मंडळीवर लाखाच्या वर कर्ज झालेले आहे! ज्याच्या एका रात्रीच्या गाण्याने देशाच्या फंडात भर पडे, त्याला आपल्या पेटीत काय आहे हे ठाऊक नव्हते.

लाख रुपये म्हणजे किती, याचा अंदाज आजच्या तरुणांना येणार नाही. तेव्हाच्या गिरणी कामगाराला महिनाकाठी मिळत ते साधारण तीस-पस्तीस रुपये. त्या हिशेबाने दोन-अडीचशे कामगारांची वर्षाची मजुरी.

येथे बालगंधर्वांनी जे केले त्यासाठी आम्ही त्यांच्यापुढे हात जोडतो. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा नुकताच झालेला होता. दिवाळे जाहीर करावे, सावकारांना रुपयामागे चार आणे द्यावे आणि मोकळे व्हावे, हा मार्ग कायद्याने खुला होता. मोठमोठ्या पेढ्यांनी तो वापरला आहे, आणि त्या पेढ्यांच्या मालकांना पुढे कोणी पंगतीतून उठविलेले नाही. बालगंधर्वांनी तो मार्ग नाकारला. पै न् पै फेडीन म्हणाले, आणि पुढील काही वर्षे गावोगाव गाऊन त्यांनी ते कर्ज फेडले. कर्ज फेडले ते गळ्याने. गहाण ठेवण्यासारखी गिरणी नव्हती, शेत नव्हते. रोज रात्री उभे राहावयाचे, गावयाचे, आणि गल्ला सावकाराकडे जावयाचा. आमच्या भागात सालदार उचल फेडण्यासाठी राबतो, तसा हा मराठी रंगभूमीचा सम्राट राबला.

आमचे म्हणणे येथेच थांबत नाही. 'पैशाकडे त्यांनी कधी पाहिले नाही' हे वाक्य त्यांच्या चरित्रात स्तुती म्हणून येते. आम्हांस त्या स्तुतीचे भय वाटते. पैशाकडे न पाहणारा कामगार हा प्रत्येक मालकाला प्रिय असतो. पट्टीवर न वाचता अंगठा देणाऱ्या हमालाला अडत्या 'भोळा माणूस' म्हणतो आणि चहा पाजतो. कलावंताच्या भोळेपणाचे कौतुक करणाऱ्यांत असे चहा पाजणारे पुष्कळ असतात. शिवाय मालक स्वतःच भोळा असला म्हणजे नुकसान एकट्याचे होत नाही. गंधर्व मंडळी बसली तेव्हा बालगंधर्वांना निदान चाहते होते. रंगपटाच्या शिंप्याला कोण होते?

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण ती अजून कुजबुजली जाते. गोहरबाई कर्नाटकी १९३८ मध्ये मंडळीत आल्या, पुढे त्यांचा व बालगंधर्वांचा विवाह झाला आणि १९६४ मध्ये गोहरबाई वारल्या. 'त्या बाईने वैभव घालविले' असे म्हणणारे लोक आम्हांस या जिल्ह्यातही भेटले आहेत. त्यांनी फक्त सनावळी पाहावी. लाखाचे कर्ज झाले १९२१ मध्ये. बोलपट आला १९३१ मध्ये. बाई आल्या १९३८ मध्ये. जी बाई सतरा वर्षांनी आली तिने कर्ज कसे केले? घर बुडाले की सुनेच्या पायगुणावर घालावे, ही आपली जुनी खोड आहे. तीच येथे लागू झाली.

वैभव खरे घालविले ते यंत्राने. बोलपट आला आणि चार आण्यांत गाणे, नाच, राजवाडा सर्व मिळू लागले. शंभर माणसांचे बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या मंडळ्या एकामागून एक बसल्या. हातरेचे गेले आणि जिन आले तेव्हा जे झाले, तेच. बालगंधर्व 'प्रभात'मध्ये गेले. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली १९३५ मध्ये 'धर्मात्मा' निघाला, त्यात ते संत एकनाथ झाले. आयुष्यभर स्त्रीवेषात गाजलेला नट पुरुषवेषात, आणि समोर प्रेक्षक नाही, वन्समोर नाही. एक यंत्र आणि दिव्यांचा झोत. तुकड्यातुकड्याने काम करणे त्यांना मानवले नाही. भागीदारी पहिल्याच चित्रानंतर संपली आणि ते परत नाटकाकडे वळले. कसलेल्या कारागिराला पन्नाशीजवळ नव्या यंत्रावर उभे केले तर काय होते, ते आम्ही जवळून पाहतो. कसब त्याच्या हातात असते, यंत्राला ते नको असते.

पुढची वर्षे लवकर सांगून टाकतो. पायांतील शक्ती गेली. बसून भजने म्हणत. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, १९६४ मध्ये पद्मभूषण आले, १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास ते वारले. २६ जून १९६८ रोजी त्यांच्या नावाचे बालगंधर्व रंगमंदिर पुण्यास उघडले. ज्याला अखेरच्या काळात चाहत्यांच्या आधारावर दिवस काढावे लागले, त्याच्या नावाची एवढी मोठी इमारत वर्षाच्या आत उभी होती.

मग त्यांची संपत्ती कोठे होती? आमचे उत्तर असे की, ती तबकड्यांत होती. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या काळ्या तबकड्या घरोघरी गेल्या. आम्ही स्वतः बालगंधर्व ऐकले ते त्याच गाण्यांतून, त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. त्या काळी बहुतेक गायकांना ध्वनिमुद्रणापोटी एकदाच ठरलेली रक्कम मिळे. तबकडी किती खपली, कोठे वाजली, याचा गाणाऱ्याशी संबंध उरत नसे. नाटकाचा प्रयोग म्हणजे रोजंदारी. आज गाल तर आज मिळेल. तबकडी म्हणजे झाड. ते झाड गायकाने लावले आणि फळे दुसऱ्याने काढली.

हे ज्या व्यक्तीला सर्वांत आधी आणि सर्वांत नीट समजले, ती अशाच एका बुडालेल्या नाटक मंडळीच्या घरातली मुलगी होती. मास्टर दीनानाथ मंगेशकर हे बालगंधर्वांप्रमाणेच गायक नट. १९१८ मध्ये त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. मंडळी वैभवास चढली आणि बोलपटाच्या लाटेत बुडाली. दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास वारले, वय फक्त एकेचाळीस. थोरली मुलगी लता बारा वर्षांची. आईसह पाच भावंडांचा संसार तिच्या गळ्यावर आला. बापाच्या गळ्यातले सोने बापाच्या घरी राहिले नाही, हे त्या मुलीने पाहिलेले होते.

म्हणून १९६० नंतरच्या काही वर्षांत लताबाईंनी मागणी केली की, गाण्याच्या तबकडीवर गायकालाही रॉयल्टी मिळाली पाहिजे. महंमद रफी यांचे मत उलटे होते: गायकाने मानधन घेतले की त्याचा हक्क संपला. दोघांचे बिनसले आणि काही वर्षे त्यांनी एकत्र गाणे बंद केले. लोकांनी याला भांडण म्हटले, बाईंना पैशाचा लोभ आहे असेही म्हटले. रफीसाहेब मोठ्या मनाचे माणूस होते. आमचा त्यांच्यावर राग नाही. पण या वादात आम्ही लताबाईंच्या बाजूचे आहोत. मोठ्या मनाच्या माणसाने आपला हक्क सोडला की लहान माणसाला तो मागणे कठीण जाते. आमच्या धंद्यात हे आम्ही शंभर वेळा पाहिले आहे. मुकादम म्हणतो, 'मला ओव्हरटाइम नको', आणि मग बाकीच्या चाळीस जणांनी कोणत्या तोंडाने मागावा?

कायदा फार सावकाश आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखक होता, संगीतकार होता, तबकडी काढणारी कंपनी होती. प्रत्यक्ष गाणारा नव्हता. गाणाऱ्या-नटणाऱ्या कलावंताचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला, आणि व्यापारी उपयोगातून रॉयल्टी मिळण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने. २०१३ मध्ये इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन ही गायकांची संस्था रीतसर नोंदली गेली. नाव इंग्रजी असले तरी आम्ही तिला युनियनच म्हणतो. मानापमानाच्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा शंभर वर्षे होऊन गेली होती.

यावर कोणी म्हणेल, सगळेच गायक नट बुडाले काय? नाही. दादा कोंडक्यांचे उदाहरण घ्या. नायगावच्या चाळीत, गिरणगावात वाढलेला मुलगा. अपना बाजारात नोकरी केली, सेवादलात गाणी म्हटली, वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने नावारूपास आला. १९७१ मध्ये 'सोंगाड्या' काढला तो स्वतः निर्माता होऊन. पुढे चित्रपट त्यांचा, गाण्याचे शब्द पुष्कळदा त्यांचे, भूमिका त्यांची आणि गल्लाही त्यांचा. लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले. त्यांच्या विनोदाला नाके मुरडणारे आपल्या गावातही आहेत, आणि तो विनोद आम्हांसही सगळाच रुचतो असे नाही. पण गिरणगावाच्या शाळेत तो माणूस एक गोष्ट शिकला होता: यंत्र ज्याचे, त्याचे उत्पन्न. ते यंत्र त्याने आपल्या हातात ठेवले.

आणि दुसऱ्या टोकाला विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. तमाशाच्या फडावर नाचता-गाताना प्रसूतीच्या कळा आल्या, पडद्यामागे बाळंत होऊन बाई पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही कथाही आपण अभिमानाने सांगतो. मानापमानाच्या कथेसारखीच. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, आणि २००२ मध्ये वारल्या तेव्हा दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांकडे पाहावे लागले होते. बाळंतपणाच्या रजेचा केंद्रीय कायदा १९६१ मध्ये झाला. फडाला तो कधी लागू पडला नाही, कारण फडात कोणी नोकर नसतो. सर्व 'कलावंत' असतात.

आपल्या जिल्ह्यात आज भजनी मंडळी आहेत, शाहीर आहेत, गोंधळी आहेत, वासुदेव आहेत, लग्नात सनई आणि बँड वाजविणारे आहेत. त्यांतले पुष्कळ जण उन्हाळ्यात वाजवितात आणि कापसाच्या हंगामात आमच्याबरोबर गाठी उचलतात. हमाल म्हणून त्यांना १९६९ चा माथाडी कायदा आहे. पोर्टलवर नाव असेल तर असंघटित कामगार म्हणून कार्ड आहे. कलावंत म्हणून काय आहे? राज्य सरकारचे वृद्ध कलावंत मानधन आहे. त्याला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिलेले आहे, आणि २०२४ पासून ते दरमहा पाच हजार रुपये झाले आहे. शाहू महाराजांनीच कोवळ्या नारायण राजहंसाला आश्रय दिला होता, म्हणून हे नाव शोभते. पण हे मानधन पुष्कळ जणांना माहीत नाही. माहीत असलेल्यांना कागद जमत नाहीत: कोठे गायलो याचा दाखला, कार्यक्रमाची पत्रिका, छायाचित्र, उत्पन्नाचा दाखला. ज्याने चाळीस वर्षे गोंधळ घातला त्याने पत्रिका कोठून आणावी?

तेव्हा सभा संपल्यावर दाराशी थांबावे. उजव्या हाताला टेबलावर आमचे दोन कार्यकर्ते कोरे अर्ज घेऊन बसलेले आहेत. ज्यांच्या घरात, आळीत असा कोणी असेल त्यांनी त्याचे नाव, वय आणि कोणते वाद्य किंवा कोणती कला, एवढे सांगावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे आम्ही लिहून घेऊ, वाचून दाखवू, आणि मगच अंगठा घेऊ.